सतरा वाव पाणी

आमची सासुरवाडी मालवणची. एवढे सांगितले की पुण्यातली माणसे प्रथम थोड्या मत्सराने पाहतात आणि मग ठरलेला प्रश्न विचारतात, "म्हणजे तुमची मजा आहे! गेलात की रोज सुरमई!" जणू मालवणात सुरमई परसातल्या झाडाला लागते आणि सासूबाई काठीने ती पाडून घेतात. आता खरे सांगायचे तर लग्नानंतरची पंचवीस वर्षे माझीही समजूत याहून फारशी वेगळी नव्हती. मासा मी ओळखत होतो तो ताटातला. तो तिथे येण्यापूर्वी कुठे राहतो, काय खातो, त्याला कोण कसे वर आणते, याची चौकशी करण्याचे कारण कधी पडले नव्हते.

फार तर रापण पाहिलेली. पहाटे किनाऱ्यावर दोन दोरांना पंचवीस-तीस माणसे लागलेली असतात आणि समुद्रात अर्धवर्तुळात टाकलेले लांबच लांब जाळे दोन्हीकडून इंचाइंचाने ओढत असतात. पाहुण्यांनी दोराला हात लावला तर कोणी नको म्हणत नाही. मीही एकदा हात लावला होता, तळव्यांना फोड आणून घरी आलो होतो आणि वाट्याला आलेले चार बांगडे मोठ्या डौलाने सासूबाईंच्या पुढे ठेवले होते. त्यावर माझा मेव्हणा, जो तिथल्याच शाळेत शिक्षक आहे, म्हणाला होता, "भाऊजी, हे मासे तुम्ही धरलेले नाहीत. हे तुम्हाला दिलेले आहेत." हे वाक्य माझ्या मनात बरीच वर्षे काट्यासारखे रुतून बसले होते.

२०२२ सालच्या ऑक्टोबरात तो काटा काढायचे मी ठरवले. कोजागरी ९ तारखेला होऊन गेली होती, दिवाळी २४ ला होती आणि आम्ही सहकुटुंब आठ दिवस आधीच मालवणला जाऊन पोचलो होतो. पाऊस मात्र अजून निरोप घ्यायला तयार नव्हता. सकाळी लख्ख ऊन, दुपारी घामाच्या धारा आणि संध्याकाळी सह्याद्रीकडून गडगडाट, असा रोजचा क्रम चालला होता. मेव्हण्याचा एक बालमित्र तांडेल आहे. त्याची स्वतःची फायबरची होडी आहे, मागे लावायचे मशीन आहे आणि जाळ्याच्या हंगामातून फुरसत मिळाली की तो खोल पाण्यात गरवायला जातो. गरवणे म्हणजे गरी टाकून मासे धरणे. त्याला मी विचारले, "आम्हाला न्याल का?" तो माझ्याकडे, मग माझ्या पोटाकडे पाहून म्हणाला, "अष्टमीक जावया. भांगाचा पाणी असतला."

हे भांग प्रकरण समजून घेण्यासारखे आहे. पुनव-अमावास्येच्या सुमाराला भरती-ओहोटीचा जोर मोठा, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमाराला सूर्य आणि चंद्र एकमेकांशी काटकोनात ओढतात, त्यामुळे भरतीही बेताची आणि ओहोटीही बेताची, त्याला भांग म्हणतात. जाळेवाल्याला पाणी धावते असले तर बरे वाटते. पण तळाला गरी टाकून बसणाऱ्याला पाणी संथ हवे. नाही तर शिसे एकीकडे, दोरी दुसरीकडे आणि आपण तिसरीकडे, अशी गत होते.

आमच्या सौ.ला हा बेत मुळीच पसंत नव्हता. ती मालवणची मुलगी. समुद्राबद्दल तिला कवित्व सुचत नाही. त्यातून अकरावीतले आमचे चिरंजीवही येणार म्हटल्यावर तिने एकच अट घातली: "तीन वाजता मी धक्क्यावर येईन. तेव्हा तुम्ही दोघे तिथे दिसला पाहिजेत." मी तोंड भरून वचन दिले. आदल्या रात्री मेव्हण्याने फोनवर हवामान खात्याचा अंदाज दाखवला. दुपारनंतर विजांसह पावसाची शक्यता, सोसाट्याचा वारा वगैरे. "हे रोजच असते," मी म्हणालो आणि दिवा मालवला.

पहाटे पाचला निघालो. अर्धा चंद्र डोक्यावर होता. होडीत आम्ही चौघे: तांडेल, त्याचा अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा, आमचे चिरंजीव आणि मी. मागून जमिनीवरचा गार मतलई वारा सुटला होता, त्याला ओल्या भाताचा वास होता. डाव्या हाताला सिंधुदुर्गाचा तट काळा दिसत होता. कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ साली या किल्ल्याची पायाभरणी केली, हे आपण शाळेत शिकतो. पण भोवतालचे पाणी खडकांनी किती पेरलेले आहे ते होडीत बसल्याशिवाय कळत नाही. कुठे पाणी उगाच पांढरे होई, कुठे गरगर फिरे, आणि तांडेल काहीही न बोलता सुकाणूला किंचित कल देई. शत्रूच्या गलबताला इथे वाट सापडू नये म्हणूनच ही जागा निवडली, हे त्या क्षणी मला इतिहासाच्या पुस्तकापेक्षा अधिक पटले. किल्ल्याभोवतालचा भाग १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला आहे. तिथे गरी टाकायची नाही. आम्हाला त्याच्या पलीकडे, खूप पलीकडे जायचे होते.

मी तासाभराच्या आत आवळासुपारीची पुडी संपवली. लाटा मोठ्या नव्हत्या, पण नैर्ऋत्येकडून एक लांब, आळशी हेलकावा येत होता. पाणी फुगल्यासारखे वर येई, होडीला अलगद उचली आणि तितक्याच अलगद खाली ठेवी. वारा तर त्या बाजूने नव्हताच. मी विचारले तेव्हा तांडेल म्हणाला, "लांब खंय तरी वारो असतलो. त्येचा पाणी हंयसर येता." दूर कुठे तरी वाऱ्याने ढवळलेल्या समुद्राच्या लाटा शेकडो मैल चालत येतात आणि ज्याने तो वारा पाहिलेला नाही त्याच्या पोटात कालवाकालव करतात. माझी नजर होडीच्या तळाशी होती. तांडेलाच्या मुलाने दयेने सांगितले, "काका, खाली बघू नकात. डोंगर बघा." मी डोंगराकडे पाहू लागलो आणि खरोखर थोडा सुधारलो.

उजाडल्यावर डोंगराचे दुसरेही काम कळले. आपल्याला वाटते समुद्र म्हणजे एकसारखे निळे पटांगण. तांडेलाच्या लेखी ते पाणंदी, बांध आणि खुणा असलेले शेत असते. तळाला बहुतेक चिखल आणि वाळू. मध्येच एखादी खडप, म्हणजे खडकाळ उंचवटा. मासे राहतात त्या खडपेच्या आश्रयाला. ती खडप वरून कशी सापडायची? तर किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एका रेषेत आणायच्या, जवळची एक टेकडी आणि मागचे सह्याद्रीचे एक शिखर. मग दुसऱ्या दिशेला तशाच दोन. त्या दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतील तिथे नांगर टाकायचा. भूमितीचा हा प्रमेय तांडेलाला त्याच्या बापाने आणि बापाला आजाने शिकवलेला. आता मुलाच्या फोनमध्ये त्याच जागा आकड्यांनी नोंदलेल्या आहेत. मुलगा फोन पाहून "पोचलो" म्हणाला आणि तांडेल डोंगर पाहून म्हणाला, "आजून चार होड्ये फुडे." दोघांत चार होड्यांच्या लांबीचा फरक पडला. नांगर बापाच्या हिशेबाने टाकला.

प्रत्येक खडपेला नावही असते, आणि ती नावे कुठल्या नकाशात नाहीत. कुठे कोणाचा पाण्याचा हंडा पडला म्हणून हंड्याची जागा, कुठे कोणी भांडून मासा परत पाण्यात फेकला त्या भांडणाची जागा. मला त्या नावांची फार मौज वाटली. खाली पाणी किती, असे विचारल्यावर तांडेलाने दोरी दोन्ही हात पसरून मोजत वर ओढली आणि म्हणाला, "सतरा वाव." एक वाव म्हणजे दोन पसरलेल्या हातांमधले अंतर, सुमारे सहा फूट. शंभर फूट पाणी आमच्या खाली होते आणि किनारा बारा-तेरा किलोमीटर मागे राहिला होता.

आता गरवण्याचे शास्त्र. लांब काठी, चक्र, असला साहेबी सरंजाम इथे नाही. हातात तंगूस, म्हणजे नायलॉनची जाड पारदर्शक दोरी, खाली शिशाचा गोळा, त्याच्या थोडे वर दोन गऱ्या, गरीला माकुलाचा किंवा बांगड्याचा तुकडा. दोरी सोडत जायची. शिसे तळाला टेकले की ती ढिली पडते. मग हातभर वर ओढायची, म्हणजे आमिष तळाच्या जरा वर तरंगत राहते, आणि तर्जनीवरून दोरी घेऊन स्वस्थ बसायचे. सगळी विद्या त्या एका बोटात. वर बसून शंभर फुटांखालची बातमी बोटाला कळली पाहिजे. लहान मासा टुकटुक करून आमिष कुरतडतो. तांबोशी एकदम हिसका देते. गोबरा मात्र आमिष तोंडात घेऊन सरळ आपल्या कपारीत शिरतो, आणि एकदा तो आत गेला की कल्ले फुगवून असा बसतो की दोरी तुटेल पण तो हलणार नाही. म्हणून पहिल्या दोन वावांत त्याला वर उचलायचा. तिथे विचार करत बसणाऱ्याचे काम नाही.

मी तीस वर्षे कचेरीत विचार करत बसण्याचे काम केलेले. त्यामुळे पहिल्या तीन तासांचा माझा जमाखर्च असा: गेलेल्या गऱ्या पाच, शिशाचे गोळे दोन, धरलेली खडप एक. चिरंजिवांना मात्र अर्ध्या तासात गोबरा मिळाला. दोन वितींचा, तपकिरी अंगावर ठिपके असलेला. तांडेलाच्या मुलाने तीन तांबोश्या काढल्या. पाण्यातून वर येणारी तांबोशी पाहावी. आधी खोल निळ्यात एक गुलाबी डाग, मग तांब्याची परात उन्हात धरल्यासारखी झळाळी. बाजारातल्या बर्फावरची तांबोशी आणि ही, यांचा काही संबंध नाही.

एक वीतभर गोबरा आला तो तांडेलाने सोडून द्यायचे ठरवले. पण त्याचे पोट तोंडातून फुग्यासारखे बाहेर आले होते. खोलातला मासा भरभर वर आणला की पाण्याचा दाब कमी होतो, अंगातल्या वाताशयातली हवा फुगते आणि आतडी-पोट बाहेर ढकलते. सोडला तरी तो बुडेना, उलटा तरंगत राहिला. तांडेल म्हणाला, "ल्हान असताना मेलो." मग बराच वेळ काही बोलला नाही. पुढे मी वाचले की गोबऱ्याच्या कुळातले बहुतेक मासे आयुष्याची सुरुवात मादी म्हणून करतात आणि मोठे झाल्यावर त्यांतले काही नर बनतात. म्हणजे मोठे तेवढे वेचून काढले तर नर संपतात आणि लहान काढले तर माद्या. आमच्या सौ.ला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मोठे झाल्यावर बिघडतात म्हणायचे." असो.

मधल्या वेळात भाकरी-चटणी खाल्ली आणि तांडेल थोडा मोकळा झाला. रात्री दिवे लावून मासे गोळा करणाऱ्या मोठ्या नौकांविषयी बोलला, आपल्या बापाच्या वेळच्या उलांडीच्या होडीविषयी बोलला. मग २००९ च्या नोव्हेंबरातल्या फयानविषयी. अलिबाग आणि मुंबईच्या मध्ये किनारा ओलांडून गेलेले ते वादळ कोकणातल्या कितीतरी घरांतले कर्ते पुरुष घेऊन गेले. तांडेल त्या दिवशी समुद्रात होता. "नांगरार रवलंय म्हणान वाचलंय," एवढेच तो म्हणाला. माझ्या चिरंजिवांनी विचारले, आता तर फोनवर सगळे कळते ना? कळते, तो म्हणाला. २०१७ साली ओखी वादळात केरळ-तामिळनाडूचे मच्छीमार भरकटत आले आणि देवगडच्या बंदरात आसऱ्याला थांबले. त्यांच्याही खिशात फोन होतेच. खोल समुद्रात फोनला पल्ला नसतो.

अकरा वाजून गेले. रोज या सुमाराला जमीन तापते आणि समुद्रावरून खारा वारा सुरू होतो. आज तो आला नाही. मतलई पडला आणि त्याच्या जागी दुसरा कोणीच आला नाही. पाणी तेल ओतल्यासारखे गुळगुळीत झाले, फक्त तो लांब हेलकावा खालून चालू होता. उकाडा असा की होडीच्या कडेला हात टेकवत नव्हता. मला वाटले, काय सुंदर शांत दिवस! तांडेल मात्र दर थोड्या वेळाने पूर्वेकडे पाहत होता. एक वाजता त्याने आपली दोरी गुंडाळली.

"भावजी, डोंगरार ढग चडतत. आता जावया."

मी पाहिले. सह्याद्रीच्या माथ्यावर फुलकोबीसारखे पांढरे ढग उभे होते, बुडाशी जरा काळसर. ते इतके दूर होते आणि माझी टोपली इतकी रिकामी होती! दोन्ही मुलांच्या पायांशी मासे होते. संध्याकाळी मेव्हणा विचारणार, "तुमचा कुठला?" मी म्हणालो, "अर्धा तास. फक्त अर्धा तास थांबू या."

तांडेलाने माझ्याकडे पाहिले. मित्राचा भावोजी, गावचा जावई. कोकणात जावयाला नाही म्हणायची रीत नाही, आणि हे मला पुरते ठाऊक होते. तो "बरा" म्हणाला आणि दोरी न सोडता नुसता बसून राहिला.

पंचवीस मिनिटे काही झाले नाही. मग बोटावर एक जड, संथ ओढ आली. या वेळी मी विचार केला नाही. दोन्ही हातांनी दोरी ओढली, तंगूस तळव्यात कापत गेला, चिरंजीव ओरडू लागले, आणि कितीतरी वेळाने पाण्यातून एक मोठा, रागीट तोंडाचा गोबरा वर आला. पाच किलोंचा तरी असेल. मी हर्षाने तांडेलाकडे वळलो. तो माशाकडे पाहतच नव्हता. पूर्वेला डोंगर नव्हते. जिथे डोंगर होते तिथे पाटीसारखा काळा पडदा होता, आणि त्याच्या बुडाशी पाण्यावर एक पांढरी रेघ आमच्याकडे येत होती.

आधी एक थंडगार झुळूक आली, तिला पावसाचा आणि मातीचा वास होता. एवढ्या समुद्रात मातीचा वास! आणि मग वारा आला. मला समुद्रावरचे वादळ म्हणजे समुद्राकडून येणारे, एवढेच माहीत होते. हे जमिनीकडून आले. आणि त्यातली मेख मला तांडेलाच्या एका वाक्याने कळली: "ह्यो वारो भायर ओढता." समुद्राकडचा वारा निदान माणसाला किनाऱ्याला आणून टाकतो. हा आम्हाला बाहेर नेणार होता, आणि बाहेर अरबी समुद्राला पलीकडचा काठ आहे तो थेट अरबस्तानात.

मी म्हणालो, मशीन चालू करून निघू या. त्याने मान हलवली. जमिनीकडून येणाऱ्या आखूड, उभ्या लाटा आणि नैर्ऋत्येकडून येणारा तो लांब हेलकावा एकमेकांवर आपटत होते. मशीन क्षणात पाण्याबाहेर उचलले जाऊन नुसते किंचाळले असते. त्याने उलट केले. नांगराचा दोर होता तेवढा सगळा सोडला, पन्नास-साठ वाव. दोर आखूड असला की होडी उसळताना नांगराला वर उपटते. लांब असला की ओढ तळाला सरपटत जाते आणि नांगर अधिक रुततो. होडीची नाळ वाऱ्याकडे वळली आणि आम्ही त्या दोराच्या टोकाला बांधलेल्या वासरासारखे उड्या मारू लागलो.

होडीत जीवरक्षक जाकिटे दोन होती. तांडेलाने एक चिरंजिवांच्या अंगावर चढवले. दुसरे माझ्याकडे फेकले. मी त्याच्या मुलाकडे पाहिले. तो माझ्या मुलापेक्षा दोनच वर्षांनी मोठा. मी जाकीट त्याच्यापुढे केले. तो म्हणाला, "माका नको काका, त्येच्यात पाणी उपसूक जमणा नाय." खरे असेल, खोटे असेल. बापाकडे पाहिले तर बाप ओरडला, "घाला म्हणतंय ना!" आणि मी ते घातले. त्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. पण त्या वेळी मी ते घातले, आणि बंद घट्ट बांधले, हे लिहून ठेवतो.

मग पाऊस. समोर बसलेला माणूस दिसेना. विजा इतक्या जवळ पडत होत्या की प्रकाश आणि आवाज यांत अंतरच नव्हते. होडीत पावसाचे पाणी आणि लाटांचे पाणी घोट्यापर्यंत आले. आम्ही तिघे डब्यांनी उपसत होतो, चिरंजीव तांडेलाच्या मुलाच्या खांद्याला खांदा लावून, एकाच ठेक्यात. "उभे रवू नकात!" एवढीच आज्ञा अधूनमधून ऐकू येई. तांडेल नाळेवर पालथा पडून दोराला हात लावून होता. दोर कुठे घासतो आहे का, नांगर सरकतो आहे का, हे तो हाताने ऐकत होता. आणि माझा तो पाच किलोंचा गोबरा पाण्याबरोबर मागे-पुढे घसरत पुन्हा पुन्हा माझ्या पायांवर येऊन आपटत होता. मला त्याच्याकडे बघवेना. मनात एकसारखे घड्याळ चालले होते: अर्धा तास आधी निघालो असतो तर आता किल्ल्याच्या आडोशाला असतो.

किती वेळ गेला? मला विचाराल तर दोन प्रहर. चिरंजिवांच्या घड्याळाप्रमाणे चाळीस मिनिटे. वारा जसा आला तसाच, कोणी दार लावून घ्यावे तसा थांबला. पाऊस बारीक झाला. तांडेल उठून बसला, तोंडावरचे पाणी निपटले आणि पहिल्यांदा मुलाकडे पाहिले, मग माझ्या मुलाकडे.

पण पूर्वेला दुसरा काळा ढग तयार होत होता. नांगर ओढायला गेलो तर तो येईना. चौघांनी मिळून ओढला, मशीन लावून उलट्या बाजूने ताणून पाहिला. ते मशीनही आधी चालू होईना. मुलाने त्याचा प्लग काढून कोरड्या बनियनने पुसला तेव्हा पाचव्या झटक्याला ते खोकत जागे झाले. नांगर खडपेत असा अडकला होता की ज्याने आम्हाला वाचवले तोच आता सोडत नव्हता. तांडेलाने ढगाकडे पाहिले, दोराकडे पाहिले आणि सुरी काढली. लोखंडी नांगर आणि पंधरा-वीस वाव दोर. त्याने कापण्याआधी दोराला क्षणभर हात लावला आणि तो हात कपाळाला लावला.

परतीच्या वाटेवर मी त्याच्याजवळ सरकून म्हणालो, "चूक माझी. तुम्ही नाही म्हणायला हवे होते." तो समोर बघत म्हणाला, "दर्याक जावय कळणा नाय, भावजी. माका कळता. चूक माझीच." यावर काय बोलणार? मी गप्प बसलो.

धक्क्याला लागलो तेव्हा सव्वाचार वाजले होते. छत्री असून सौ. नखशिखांत भिजली होती. तिच्याशेजारी तांडेलाची बायको उभी होती, तीही तशीच. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या, नुसत्या उभ्या होत्या. सौ.ने मुलाच्या पाठीवरून हात फिरवला, माझ्या अंगावरचे जाकीट पाहिले, मग तांडेलाच्या मुलाचे उघडे खांदे पाहिले. मला ती एक शब्द बोलली नाही. घरी जाऊन सासूबाईंच्या देवापुढे दिवा लावला आणि मग तांदूळ धुवायला घेतले. त्याच रात्री पुण्यात इतका पाऊस झाला की रस्त्यांतून पाणी वाहिले, शेजाऱ्यांचे फोन येत होते, "तुम्ही मालवणला, सुटलात!"

गोबरा मी तांडेलाच्या घरी पाठवला. रात्री आठ वाजता त्याचा मुलगा झाकलेले पातेले घेऊन आला, निम्म्या माशाचे सार. मेव्हण्याने ते वाढून घेतले, दोन घास खाल्ले आणि एवढेच म्हणाला, "भाऊजी, हा मात्र तुम्हीच धरलेला." तो थट्टा करत होता की नव्हता, हे मला अजून कळलेले नाही.

दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन नांगर, दोर आणि दोन जाकिटे घेऊन मी तांडेलाकडे गेलो. नांगर आणि दोर त्याने मुकाट्याने घेतले. ते त्याचे येणे होते. जाकिटांवर बराच वेळ वाद झाला. शेवटी त्याच्या बायकोने ती माझ्या हातातून काढून घेतली आणि आत नेऊन खुंटीला टांगली.

परवा मेव्हण्याचा फोन आला होता. म्हणाला, सकाळी धक्क्यावर गेलो होतो, एक होडी भरून आली होती. सगळ्या तांबोश्या. कोणी तरी विचारले, "खंय गेल्लंस रे?" त्यावर होडीतला पोरगा म्हणाला, "जावयाच्या नांगरार." कोण जावई, कसला नांगर, हे त्या पोराला बहुधा माहीत नव्हते.